यिडाकी, मागो, बिल्मा : एका वाद्यसंग्रहाच्या प्रकल्प नोंदी

2 मार्च 2024, मेलबर्न

संग्रहाची हद्द आज ठरली. मुख्यतः उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी कारागिरांनी लाकडात घडवलेली आणि त्यांनीच रंगवलेली वाद्यं घ्यायची. जास्तीत जास्त बारा नग. त्यापुढे निगा राखणं आम्हां दोघांच्या आवाक्यात राहत नाही.

‘ॲबोरिजिनल शैलीत रंगवलेलं’ एवढीच ओळख असलेली वस्तू मुख्य यादीत घ्यायची नाही. ‘शैली’ हा शब्द आला की बहुधा कारागिराचं नाव गळालेलं असतं. नाव, भाषागट, गाव आणि नक्षीचा हक्क कोणाचा, या चार गोष्टी सांगता आल्या तर वस्तू यादीत. नाही आल्या तर ती अभ्यासाच्या खणात.

शब्दांबद्दल. डिजरिडू म्हणजे फुंकून वाजवायची लांब, पोकळ लाकडी नळी. ‘डिजरिडू’ हे नाव कुठल्याही मूलनिवासी भाषेतलं नाही; बाहेरच्यांनी आवाजाची नक्कल करून ते पाडलं असं मानतात. आर्नहेम लँड या उत्तरेकडच्या प्रदेशाच्या ईशान्येतले योल्ङु लोक या वाद्याला यिडाकी म्हणतात, त्याच्या पश्चिम भागात मागो. रोमन लिपीत यिडाकीतल्या ‘ड’खाली रेघ देतात, कारण तो मूर्धन्य आहे, आणि योल्ङुमधल्या ‘ङ’साठी वेगळं अक्षर वापरावं लागतं. देवनागरीत दोन्ही अक्षरं तयार आहेत. म्हणून नोंदवहीत ‘यिदाकी’, ‘योलंगू’ असं ढिसाळ लिहायचं नाही.

प्रत्येक नगाच्या पत्रकातले रकाने: लांबी, तोंडाचा आतला व्यास, खालच्या टोकाचा बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी (वरच्या आणि खालच्या टोकाला चार-चार ठिकाणी), वजन, मूळ सूर, वरचा सूर, लाकूड, रंग, रंगाचा चिकटवा, तोंडाचं मेण, आधीच्या दुरुस्त्या, कारागीर, भाषागट, कुळ, कला केंद्राचा नोंदणी क्रमांक. शेवटचा रकाना बंद ठेवलेला, कारागीर वारल्यास लागेल म्हणून: ‘नाव जाहीर करण्याबद्दल कुटुंबाची सूचना’.

9 मार्च

आधीपासून हाताशी असलेले चार डिजरिडू तपासले. चौघांवर ठिपक्यांची नक्षी, सरडे, कासवं. बाहेरून चारही एकाच माळेचे मणी वाटतात. फरक आत आहे.

आत बघायला 5.5 मिमी जाडीचा, दिवा असलेला नळीचा कॅमेरा वापरला. चांगला यिडाकी कोणी कोरत नाही, तो वाळवी कोरते. उत्तरेतल्या युकॅलिप्टसच्या उभ्या झाडाचा गाभा वाळवी खाते आणि बाहेरचं जिवंत लाकूड शाबूत ठेवते. त्यामुळे आतली पोकळी वाकडीतिकडी, कुठे रुंद कुठे चिंचोळी, भिंतीत बोगद्यांच्या खुणा आणि कोपऱ्यांत वाळलेली माती.

क्र. 1: बांबू. पेरांचे पडदे फोडल्याच्या कडा कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात. बांबू म्हणजे लगेच खोटा, असं मात्र लिहू नका. 1829 मध्ये कोबर्ग द्वीपकल्पावरच्या रॅफल्स बे इथे एका युरोपीय डॉक्टरानं नोंदवलेलं वाद्य बांबूचंच होतं, सुमारे तीन फूट लांब. आमच्या क्र. 1 ची अडचण बांबू ही नाही. तो कोणी केला हे सांगणारं त्याच्याबरोबर काहीच नाही.

क्र. 2: सरळ गिरमिटानं पाडलेलं भोक. आत एकसारख्या अंतरावर गोल वळ्या, व्यास वरपासून खालपर्यंत 40 मिमी.

क्र. 3: ओंडका उभा चिरून, दोन्ही फाळ्या आतून कोरून पुन्हा चिकटवलेला. समोरासमोर दोन सरळ रेषा टोकापासून टोकापर्यंत जातात. रंगाखाली त्या झाकल्या जातात, पण खालच्या टोकाच्या काटछेदात लपत नाहीत. काही चांगले कारागीरही अशा रीतीनं वाद्य करतात आणि ते खणखणीत वाजतं. प्रश्न येतो तो त्याला वाळवीनं पोखरलेलं म्हणून विकलं जातं तेव्हा.

क्र. 4: वाळवीचं काम, शंकाच नाही. कारागिराचं नाव नाही.

पुढची परीक्षा घनतेची. बाहेरचा घेर दर 10 सेंमीवर मोजून बाहेरचं घनफळ काढलं. आतलं घनफळ काढायला खालचं टोक बंद करून 3 मिमीचे प्लास्टिकचे मणी ओतले आणि मापपात्रात मोजले. मोहरी किंवा तांदूळ वापरू नका. दाणे बोगद्यांत अडकतात आणि मागाहून कीड लागते.

क्र. 2: वजन 1,380 ग्रॅम, भिंतीचं घनफळ 2,350 घसेंमी. घनता 0.59. हे महोगनीच्या जातीचं हलकं लाकूड.
क्र. 4: वजन 3,060 ग्रॅम, घनफळ 2,980 घसेंमी. घनता 1.03. उत्तरेतले स्ट्रिंगीबार्क, वूलीबट हे युकॅलिप्टस याच पट्टीत येतात.

या मापात पाच टक्के चूक धरा. 0.6 आणि 1.0 यांत तरीही गोंधळ होत नाही.

10 मार्च

ठिपक्यांबद्दल स्वतंत्र नोंद हवी. ठिपक्यांची जी चित्रं जगभर ओळखली जातात, ती मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली. पापुन्या वस्तीत 1971-72 मध्ये तिथल्या माणसांनी फळ्यांवर, मग कॅनव्हासवर रंगवायला सुरुवात केली आणि तिथून ती पसरली. डिजरिडू त्या वाळवंटाचं पारंपरिक वाद्य नाही. ते उत्तर किनारपट्टीचं. उत्तरेची नक्षी बारीक आडव्या-तिरप्या रेघांच्या जाळीची. पश्चिम आणि मध्य आर्नहेम लँडमध्ये तिला रार्क म्हणतात. योल्ङुंमध्ये कुळाच्या पवित्र नक्षीला मिञ्ची म्हणतात, आणि ती कोणी काढायची हे कुळावरून ठरतं. कोणालाही आवडली म्हणून ती काढता येत नाही.

तेव्हा ठिपके अधिक डिजरिडू ही जोडी दिसली की पहिला प्रश्न: रंगवणारा कोण, कुठला? वाळवंटातल्या कुटुंबातला कलाकार आज डार्विनमध्ये राहून डिजरिडू रंगवत असेल तर ते त्याचं खरं काम आहे, घ्यावं. पण नावच नसेल तर ही जोडी बहुधा पर्यटकांच्या दुकानासाठी जमवलेली असते. वारलीशी तुलना करून बघा: डहाणू-जव्हारच्या भिंतींवरची माणसं छापील कापडावर आली, म्हणून ते कापड वारल्यांचं होत नाही.

17 मार्च

विक्रीच्या वस्तूंवरच्या चिठ्ठ्यांची भाषा. एका घाऊक विक्रेत्याविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगानं केलेला खटला नमुना म्हणून नोंदवहीत लावला. बूमरँग, डिजरिडू, बुलरोअर (दोरीला बांधून फिरवायच्या पट्ट्या) आणि संदेशशिळा इंडोनेशियात बनवून घेतल्या होत्या. जुलै 2015 ते नोव्हेंबर 2017 या काळात अशा 18,000 हून अधिक वस्तू विकल्या गेल्या, आणि त्या ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींनी हातानं रंगवल्या आहेत असा समज चिठ्ठ्यांवरून होत होता. 2018 मध्ये संघीय न्यायालयानं विक्रेत्याला दोषी ठरवलं, 2019 मध्ये 23 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

यातलं बारकाईनं समजून घ्यायचं ते हे: कायद्याचा भंग ठरला तो दिशाभूल करणाऱ्या शब्दांमुळे. नक्षी उचलणं हा त्या खटल्याचा विषय नव्हता. म्हणून आता पुष्कळ चिठ्ठ्यांवर शब्द जपून वापरलेले असतात. ‘अस्सल रचना’, ‘परवानाप्राप्त’, ‘हस्तनिर्मित’ यांतला एकही शब्द कोणी केलं ते सांगत नाही.

विक्रेत्याला विचारायचे पाच प्रश्न, याच क्रमानं:
झाड कोणी तोडलं? पोकळी कशी झाली? रंगवलं कोणी, आणि त्याचं गाव कोणतं? त्याला पैसे एकरकमी मिळाले की विकल्यावर मिळणार? ‘इंडिजिनस आर्ट कोड’वर (मूलनिवासी कलाकारांशी रास्त व्यवहाराची विक्रेत्यांसाठीची संहिता) तुमची सही आहे का?
तिसऱ्या प्रश्नाला ‘एक मूलनिवासी कलाकार’ असं उत्तर आलं तर पुढचे दोन विचारायची गरज नाही.

6 एप्रिल

माल येण्याआधी कपाट. अंतर्भागातल्या आर्द्रतेचं लक्ष्य 50 ते 55 टक्के, आठवड्यातला चढउतार 5 टक्क्यांच्या आत.

आर्द्रतामापक चार घेतले, चौघांनी चार आकडे दाखवले. म्हणून आधी ते तपासून घेतले: छोट्या बरणीत साधं मीठ, त्यात जेमतेम ओलं होईल इतकं पाणी, वर जाळीवर मापक, झाकण घट्ट, 24 तास. बरणीतली हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. दोन मापक 74 आणि 76 वर आले, एक 69 वर, एक 82 वर. तिसऱ्यावर ‘+6’ची पट्टी चिकटवली, चौथा बाद. मीठ पूर्ण विरघळलं असेल तर आकडा चुकीचा येतो; तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे.

आधार: पॉलिथिलीन फोमच्या खोबणी, प्रत्येक नगाला तीन. नग आडवा. उभा ठेवला की सगळं वजन खालच्या कडेवर येतं, तिथला रंग झिजतो आणि उघड्या काटछेदातून ओल लवकर आत-बाहेर होते.

2 मे

खरेदी. पत्रव्यवहार फक्त समाजाच्या मालकीच्या कला केंद्रांशी. यिर्कलाचं बुकु-लार्ङगाय मुल्का, मानिंग्रिडाचं कला केंद्र, गुनबलान्याचं इंजालाक ही त्यांतली मोठी नावं. प्रत्यक्ष बघून घ्यायचं असेल तर दर ऑगस्टला डार्विनमध्ये मूलनिवासी कला केंद्रांचा मोठा मेळा भरतो, तिथे देशभरातली केंद्रं एका छताखाली येतात. केंद्राचं प्रमाणपत्र म्हणजे कागदाचा शोभेचा तुकडा नाही. त्यावरच्या क्रमांकाखाली केंद्राकडे कारागिराची पूर्ण नोंद असते.

मागणी: एक मागो, दोन यिडाकी, दोन जोड बिल्मा (तालाच्या काठ्या). मागोवर रार्क, यिडाकींपैकी एक बिनरंगी. बिनरंगी नग मुद्दाम, कारण रंगाशिवाय लाकडाचं काम दिसतं.

लाकडाबद्दल विचारायची माहिती: झाडाची जात, तोड कोणत्या महिन्यातली, साल काढल्यावर किती दिवसांनी टोकं बंद केली. योल्ङु कारागिरांचं आवडतं झाड गडाय्का, म्हणजे डार्विन स्ट्रिंगीबार्क. खोडावर ठोकून पोकळीचा आवाज ऐकतात, मगच कुऱ्हाड लावतात. ठोकलेल्या पुष्कळ झाडांतून एखादंच कामाचं निघतं. पोकळी फार रुंद झालेलं झाड वाद्याला चालत नाही आणि चिंचोळी पोकळी आतून तासावी लागते. कारागिराचं निम्मं कसब कुऱ्हाड उचलण्याआधीच लागलेलं असतं. ठिपके मोजून किंमत करणाऱ्यांना हे कळत नाही.

28 मे

तीन नळ्या आल्या. मागो क्र. 5, यिडाकी क्र. 6 (रंगीत) आणि क्र. 7 (बिनरंगी). बिल्मा वेगळ्या पेटीत.

लगेच उघडायचं नाही. उत्तरेतल्या दमट हवेतून मेलबर्नच्या हिवाळ्यात, तेही गरम हवेचं यंत्र चालू असलेल्या घरात आणलं तर आर्द्रता 70 वरून थेट 35 टक्क्यांवर येते. लाकडातली ओल साधारण 13 टक्क्यांवरून 7 कडे जाऊ लागते. बाहेरचा थर आधी वाळून आक्रसतो, आतला अजून फुगलेला असतो, आणि बाहेरच्याला आतल्यावरून ताणून घेता येत नाही. मग तो उभा तडकतो.

रीत: प्रत्येक नग जाड प्लास्टिक पिशवीत, पिशवीत मापक. पहिल्या आठवड्यात पिशवी बंद. नंतर पेन्सिलीच्या जाडीची चार भोकं, दर पंधरवड्याला आणखी चार. दर मंगळवारी सकाळी वजन, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. वजन हाच लाकडाचा खरा ताप मोजायचा काटा. आर्द्रतामापक हवेचं सांगतो, वजन लाकडाचं.

पहिली वजनं: क्र. 5: 2,240 ग्रॅम. क्र. 6: 3,415. क्र. 7: 3,180.

11 जून

क्र. 6 ला भेग. खालच्या टोकापासून वर 19 सेंमी, सर्वात रुंद ठिकाणी 0.4 मिमी, नक्षीच्या दोन पट्ट्यांमधून गेलेली.

वजनं: 28 मे 3,415, 4 जून 3,372, 11 जून 3,318. दोन आठवड्यांत 97 ग्रॅम. त्याच काळात क्र. 7 चे फक्त 31 गेले. कारण सापडलं: क्र. 6 ची पिशवी गरम हवेच्या झरोक्यापासून दीड मीटरवर होती. मापक 58 टक्के दाखवत होता, पण तो पिशवीच्या वरच्या टोकाला होता. झरोक्याकडचं टोक वेगळ्याच हवेत वाळत होतं. यापुढे लांब नगाच्या पिशवीत दोन मापक, दोन्ही टोकांना.

उपाय: नग झरोक्यापासून दूर, पिशवीची भोकं बंद, आत ओलसर सुती कापडाची पुडी (लाकडाला न लागता), आर्द्रता 65 वर. भेग लगेच भरायची नाही. वाळलेल्या अवस्थेत भरलेली भेग पावसाळी हवेत लाकूड फुगल्यावर पाचरीसारखं काम करते आणि शेजारी नवी भेग पाडते.

14 जुलै

क्र. 6 चं वजन सलग तीन आठवडे 2 ग्रॅमच्या आत राहिलं. भेग 0.2 मिमीवर मिटली. आता भरली.

पर्याय तीन होते. एपॉक्सी: घट्ट, पण परत काढता येत नाही आणि रंगावर आलं तर चकाकतं. मेण: वाजवायच्या नगाला उत्तम, पण गेरूसारख्या सच्छिद्र रंगात शिरून कायमचा काळपट डाग पाडतं. तिसरा, निवडलेला: त्याच रंगाच्या लाकडाची रंध्यानं काढलेली पातळ सालपट, भेगेच्या आकारात कापलेली, प्राण्याच्या सरसानं बसवलेली. सरस कोमट ओलाव्यानं सुटतो. सालपट पृष्ठभागाच्या अर्धा मिमी खाली ठेवली आणि वर रंग लावला नाही. भेगेची जागा दिसली पाहिजे; हरवलेली नक्षी पुरी करायचा हक्क आमच्याकडे नाही.

कारागिरानंच वरच्या भागात दोन ठिकाणी भुसा आणि सुतारी गोंद भरलेला आहे. ती त्याची दुरुस्ती, वाद्याचाच भाग. तशीच राहील.

हवा सुटते का, याची चाचणी: खालचं टोक तळहातानं बंद, वरून हलकं ओढून जीभ लावायची. ओढ दहा सेकंद टिकली. ठीक.

21 जुलै

सूर मोजले. खोली 20 अंशांवर, प्रत्येकी तीन वेळा पाच सेकंदांचा स्थिर सूर. हवा एक अंशानं तापली तर सूर सुमारे 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर जातो, म्हणून तापमान लिहिल्याशिवाय आकडा लिहू नये.

क्र. 2 (गिरमिटाचा), लांबी 118 सेंमी: 72 हर्ट्झ, वरचा सूर 214. गुणोत्तर 2.97.
क्र. 4, 131 सेंमी: 73.5, म्हणजे पेटीची पांढरी दोन. वरचा 196. गुणोत्तर 2.67.
क्र. 6, 142 सेंमी: 82.5, पांढरी तीन. वरचा 185. गुणोत्तर 2.24.

बासरीच्या हिशेबानं क्र. 6 सर्वात लांब, तेव्हा सर्वात खर्जात असायला हवा. तसं नाही, कारण त्याची पोकळी खाली कर्ण्यासारखी रुंद होत जाते. एक टोक ओठांनी बंद केलेल्या सरळ नळीत वरचा सूर मुळाच्या तिप्पट येतो. नळी जितकी खाली उमलत जाते तितका मूळ सूर चढतो आणि हे गुणोत्तर दोनाकडे सरकतं. म्हणून 3 च्या अगदी जवळचं गुणोत्तर दिसलं की आत कॅमेरा घालून बघावं. सरळ वाढलेली नैसर्गिक पोकळीही मिळते, त्यामुळे हा संशय, पुरावा नव्हे.

योल्ङु वादनात हा वरचा सूर फुंकून ठेका तोडतात, म्हणून यिडाकी निवडताना कारागीर दोन्ही सूर ऐकतो. पश्चिमेच्या मागो वादनात तो वापरत नाहीत. क्र. 5 च्या पत्रकात तो रकाना रिकामा सोडला.

श्वासाची युक्ती तीच जी तारपा वाजवणारे आणि सनईवाले वापरतात: गालातली हवा दाबून बाहेर सोडताना नाकानं श्वास घ्यायचा. वादनाची मर्यादा: नव्या नगाला दिवसाला दहा मिनिटं. फुंकेची ओल फक्त आतून लागते आणि भिंत एका बाजूनं फुगते. वाजवून झाल्यावर तोंड वर करून अर्धा तास उभा, मग परत खोबणीत. मेणाचं तोंड गरम पाण्यानं किंवा स्पिरिटनं पुसू नये. मधमाशीचं मेण 62-65 अंशांना वितळतं, पण त्याच्या खूप आधी मऊ पडून आकार सोडतं. थंडीत त्यावर येणारी पांढरट साय ही बुरशी नव्हे. मऊ कापडानं जाते.

28 जुलै

बिल्मा, क्र. 8 आणि 9. आपल्या टिपऱ्यांसारख्या जोडीनं वाजवायच्या काठ्या. योल्ङु गायनात बिल्मा गायकाच्या हातात असतात. चाल तो ठरवतो, यिडाकीवाला त्याच्यामागे जातो. संग्रह करणारे यिडाकीवर पैसे ओततात आणि बिल्मा फुकट जोडून मिळाव्यात अशी अपेक्षा करतात. वाद्यांचा मान लावायचा झाला तर हे उलटं आहे.

लाकूड आयर्नवुड. क्र. 8 ची एक काठी: लांबी 32 सेंमी, सरासरी व्यास 2.9 सेंमी, वजन 255 ग्रॅम, घनता 1.2. पाण्यात बुडणारं लाकूड. आवाज कडक, टोकदार, खोलीभर जाणारा. एक काठी चपटी, एक गोल. गोल काठी चपट्या काठीच्या मध्यावर पडते आणि तिथे रंग उडतोच. तो वापराचा घासा आहे, दुरुस्ती नाही.

क्र. 10 म्हणून, हद्दीला अपवाद करून, वाळवंटातल्या, उलुरू भागातल्या वादनकाठ्या घेतल्या. तिथे लाकडी कामाला पुनु आणि नक्षीला वाल्का म्हणतात. नक्षी रंगाची नाही: विस्तवात लाल केलेल्या तारेनं लाकूड जाळून रेघ काढलेली. भिंगाखाली रेघेच्या कडा गोलाकार, तपकिरी झाक पसरलेली. विजेच्या कोरणीची रेघ एकसारख्या जाडीची येते; विस्तवातली तार थंड होत जाते, म्हणून रेघ गडद सुरू होऊन फिकी संपते.

4 ऑगस्ट

रंगांची तपासणी, 10 पटीचं भिंग आणि बाजूनं टाकलेला प्रकाश.

क्र. 5 आणि 6: मातीचे रंग. पांढरी माती (योल्ङु भाषेत गपन), तांबडा आणि पिवळा गेरू, काळा कोळशाचा. चिकटवा सुतारी गोंद. जुन्या काळी ऑर्किडच्या कंदाचा रस वापरत. बारीक रेघा माणसाच्या मोजक्या, लांब केसांच्या कुंचल्यानं: कुंचला रंगात बुडवून लाकडावर आडवा टेकवायचा आणि ओढायचा. भिंगाखाली रेघेत कण दिसतात, शेवट निमुळता.
क्र. 2 आणि 3: ॲक्रिलिकचे ठिपके, मध्ये उंचवटा, वर चकचकीत लाख. ठिपक्यांचा आकार एकसारखा, कारण ते खिळ्याच्या डोक्यानं किंवा काडीच्या टोकानं उठवलेले.

ॲक्रिलिक म्हणजे खोटं असंही नाही. आजचे पुष्कळ कलाकार तेच वापरतात.

क्र. 5 वर पांढऱ्याची पूड बोटाला लागते. गोंद कमी पडलाय. ओल्या कापडानं पुसायचं नाही, माती उठून येते. घट्ट करायला संग्रहालयांत वापरतात ते ॲक्रिलिक राळेचं पातळ द्रावण क्र. 1 च्या मागच्या बाजूला मातीचा ठिपका काढून त्यावर लावून पाहिलं: 2 टक्क्यांनाही पांढरा करडा झाला. समुद्री शेवाळापासून काढलेल्या फुनोरीचं 0.5 टक्क्यांचं द्रावण बारीक फवाऱ्यानं दोनदा दिलं, रंग बदलला नाही. क्र. 5 वर तेच वापरायचं, पण आधी फक्त खालच्या 5 सेंमीवर, आणि महिनाभर थांबून.

18 ऑगस्ट

क्र. 4 च्या खाली खोबणीत टाल्कम पावडरीसारखी बारीक पूड. भिंतीत 1.5 मिमीची तीन ताजी भोकं. हे वाळवीचं काम नाही. उभं झाड पोखरणारी वाळवी कोरड्या कपाटात टिकत नाही. हा भुसा पाडणारा छोटा भुंगेरा. युकॅलिप्टसच्या सालीलगतच्या फिकट लाकडात स्टार्च असतं, ते तो खातो. यिडाकीची बाहेरची भिंत म्हणजे नेमकं तेच लाकूड.

गोठवणं स्वस्त (उणे 20 अंशांना दोन आठवडे), पण मेणाचं तोंड तडकतं. कीटकनाशक रंगात उतरतं. प्राणवायू काढून घेण्याची रीत निवडली:

हवा न झिरपणाऱ्या थराची पिशवी, आतली हवा सुमारे 40 लिटर. हवेत 21 टक्के प्राणवायू, म्हणजे 8.4 लिटर. प्रत्येकी 2 लिटर शोषणाऱ्या पुड्या पाच, म्हणजे 10 लिटर; थोडी जास्तच हवी. पुड्या लोखंडाच्या भुकटीच्या असतात आणि काम करताना तापतात, म्हणून लाकडाला टेकवायच्या नाहीत. आत प्राणवायू दाखवणारी गोळी. 25 अंशांना तीन आठवडे. खोली थंड असेल तर कीटक सुस्त होऊन जास्त तग धरतात, म्हणून 18 अंशांवर हा काळ पुरत नाही.

पिशवी सील झाली दुपारी. बाकी सगळ्या खोबणींत काळा कागद अंथरला. पांढरी पूड पडली तर लगेच दिसेल.

19 ऑगस्ट

गोळी निळीच. सीलची एक कड सुरकुतीवर आली होती. नवी पिशवी, नव्या पुड्या. उघडलेल्या पुड्या परत वापरता येत नाहीत. संध्याकाळी दुहेरी सील. दुसऱ्या दिवशी दुपारी गोळी गुलाबी.

1 सप्टेंबर

काय घ्यायचं नाही आणि काय फक्त अटीवर घ्यायचं, याची यादी पक्की केली.

बुलरोअर: दोरीला बांधून फिरवायची पट्टी. अनेक समाजांत ती विधीची गुप्त वस्तू आहे आणि सर्वांनी बघण्यासाठी नाही. जुना नग देऊ केला तर विकत घेऊ नये, फोटोही काढू नये. विकणाऱ्याला कॅनबेराच्या मूलनिवासी अभ्यास संस्थेकडे पाठवावं.

लार्राकिट्य: गडाय्काच्याच पोकळ खोडाचे रंगवलेले खांब. झाड तेच, वाळवी तीच, पण हे मृतांच्या अस्थींसाठीचे खांब आहेत, वाद्य नव्हे. कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात असे 200 खांब 1788 नंतरच्या दोनशे वर्षांत मारल्या गेलेल्या मूलनिवासींचं स्मारक म्हणून उभे आहेत. ‘मोठा डिजरिडू’ म्हणून कोणी दाखवला तर ओळखता आलं पाहिजे.

वारुप: टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचा डमरूच्या आकाराचा लाकडी ढोल. तिथले लोक वेगळे, त्यांना ॲबोरिजिनल म्हणू नये. तोंडाला घोरपडीच्या जातीच्या सरड्याचं कातडं असतं, त्यामुळे देशाबाहेर नेताना वन्यजीव परवाना लागतो. गोव्याच्या घुमटाचं हेच झालं: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून घोरपडीचं कातडं बंद, आता बोकडाचं लावतात. वारुपसाठी एक जागा रिकामी ठेवली आहे. परवान्याची कागदं पूर्ण असतील तरच.

15 सप्टेंबर

क्र. 4 ची पिशवी 10 तारखेला उघडली. नवी पूड नाही. जुनी भोकं पिवळट मेणानं बुजवली. पुढे नवं भोक पडलं तर ते वेगळं दिसेल.

पुण्या-मुंबईकडे नग नेणाऱ्यांसाठी: पेटीच्या लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो, तो पेटीपुरता. वाद्याला वेगळं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, आणि भारतात कुठल्या तपासणी केंद्रावर दाखवायचं हे निघण्याआधी विचारून घ्यायचं. गाभ्यापर्यंत 56 अंश, 30 मिनिटं ही प्रक्रिया वाद्यावर करू देऊ नका. मेण बसतं आणि भिंत तडकते. मुंबईच्या पावसाळ्यात पिशवीची रीत उलट्या दिशेनं वापरायची, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये पुन्हा सरळ. पेटीत कारागिराच्या नावाचा कागद दोन प्रतींत, एक नळीच्या आत गुंडाळून. पेटी आणि कागद यांची ताटातूट झाली की खरं वाद्यसुद्धा ‘शैलीतलं’ होऊन बसतं. क्र. 4 चं तेच झालं असणार.

6 ऑक्टोबर

एका कला केंद्राकडून पत्र: आमच्याकडच्या एका नगाचे कारागीर वारले. कुटुंबाची सूचना मिळेपर्यंत नाव उच्चारू नये, छायाचित्र दाखवू नये. कपाटावरच्या चिठ्ठीतल्या नावावर कोरा कागद लावला. त्याखालचं भाषागट, गाव, झाड हे तसंच ठेवलं. संगणकातल्या यादीत नावाच्या जागी केंद्राचा नोंदणी क्रमांक. कारागिराचा फोटो असलेली दोन पानं लखोट्यात बंद, लखोट्यावर तारीख. वाद्य वाजवणं थांबवलं. ते कधी सुरू करायचं हे केंद्र कळवेल.

वजनं: क्र. 4: 3,052. क्र. 5: 2,171. क्र. 6: 3,301. क्र. 7: 3,096. पुढचं वजन मंगळवारी.